कांहीं ठाऊक नसतांना

ज्या गोष्टीकडून आपण कसलीच अपेक्षा केली नव्हती तिनें आपल्याला मनमुराद आनंद द्यावा, हा योग आयुष्याच्या पूर्वार्धांत वरचेवर येतो. उत्तरार्धांत तो दुर्मिळ होत जातो, आणि आमच्यासारख्या पंतोजींच्या वांट्याला तर तो जवळजवळ येतच नाहीं. कारण उघड आहे. कोणतेंहि पुस्तक हातीं घेण्यापूर्वीं त्याच्यावर कोणीं काय लिहिलें आहे हें आम्हीं वाचलेलें असतें. नाटकाला निघण्यापूर्वीं त्याचा तिसरा अंक ढिला पडतो असें कोणी तरी स्नेही घरीं येऊन सांगून गेलेला असतो. आणि चित्रपटाची गोष्ट तर हल्लीं चित्रपटाच्या आधीं दोन महिने घरोघर पोंचते. मग आम्ही तेथें जातों ते रसिक म्हणून नव्हे, तर हिशेबनीस म्हणून. सांगितलें होतें तें आहे कां, आणि किती कमी भरतें, एवढेंच पाहून आम्ही परत येतों.

या खोडीचें मूळ आमच्या लहानपणांत आहे. वडिलांच्या लोखंडी ट्रंकेंत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची एक चळत होती, आणि तिच्या तळाशीं, पानें पिवळी पडलेलें, गो. ना. दातारांचें 'कालिकामूर्ति' होतें. झुंझार आणि काळा पहाड या दोन पुरुषांनीं आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या व्यापल्या होत्या. परंतु आम्ही त्या कथा पहिल्या पानापासून वाचीत नसूं. प्रथम शेवटचें पान उघडून कोण मेलें व कोण वांचलें याची खात्री करून घ्यावी आणि मग निर्धास्तपणें आरंभास यावें, हा आमचा क्रम होता. वडिलांनीं एकदां हें पाहिलें आणि म्हणाले, "अरे, चोर कोण हें कळल्यावर तूं वाचतोस तरी काय?" आम्हांस तेव्हां उत्तर सुचलें नाहीं. खरें उत्तर असें होतें कीं आम्हांला भीति वाटत असे, आणि ती वाटतां कामा नये अशी आम्हीं व्यवस्था करून ठेवीत असूं. पुढें इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन आम्ही त्याच व्यवस्थेला टीकाशास्त्र म्हणूं लागलों.

इ. स. २०१८ च्या नवरात्रांतील एका रविवारीं आमची भाची दुपारीं जेवावयास आली आणि जेवण आटोपतांच म्हणाली, "मामा, मीं तिघांची तिकिटं काढली आहेत. कुठला चित्रपट तें विचारायचं नाहीं, आणि फोनमध्यें शोधायचंहि नाहीं." एरवीं आम्हीं चार सबबी सांगितल्या असत्या. पण आश्विनांतलें ऊन रणरणत होतें, घरांत पंख्याचा वारा गरम लागत होता, आणि चित्रपटगृहांत थंडावा असतो व खुर्च्या पाठीमागें कलतात हें आम्हांस ठाऊक होतें. खरें सांगावयाचें तर आम्ही झोपेच्या आशेनें गेलों. सौभाग्यवतींनीं शाल बरोबर घेतली होती. त्यांचाहि विचार फारसा निराळा नसावा. मक्याच्या लाह्यांची एक पिशवी तेथें कोणत्या भावानें विकतात तें पाहून झोप जवळजवळ उडाली होती, तरी खुर्चींत बसल्यावर आम्हीं डोळे मिटून घेतले. पडद्यावर अक्षरें उमटूं लागलीं तेव्हां भाचीनें कोपरानें ढोसलें.

चित्रपट होता श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन'. नांव वाचून आम्हीं मनांत एवढेंच म्हटलें कीं शब्द चुकला आहे, अंदाधुंद असा पाहिजे. अंध आणि धुन या दोन शब्दांची ती मुद्दाम घातलेली गांठ आहे हें ध्यानांत यावयास आम्हांला अर्धा तास लागला. प्राध्यापकाला शुद्धलेखनाची चूक आधीं दिसते आणि अर्थ मागाहून.

पुढें काय झालें तें जितकें सांगण्यासारखें आहे तितकेंच सांगतों. आकाश नांवाचा एक तरुण पियानो वाजवितो. तो आंधळा असल्याचें सोंग करतो; डोळ्यांचा व्यवहार बंद केला म्हणजे सूर अधिक नीट ऐकूं येतात अशी त्याची समजूत. एका उपाहारगृहांत त्याला वाजविण्याचें काम मिळतें. तेथें एक जुना सिनेनट त्याचें वादन ऐकून खुष होतो आणि लग्नाच्या वाढदिवशीं आपल्या तरुण पत्नीला चकित करण्यासाठीं त्याला घरीं बोलावतो. ठरल्या वेळीं हा दाराशीं जातो, घंटा वाजवितो. दार उघडणारी पत्नी त्याला आंत घ्यावयास नाखूष आहे, पण शेजारीण पाहत आहे म्हणून घेते. तो आंत येतो, पियानोपाशीं बसतो, वाजवूं लागतो. आणि त्याला दिसतें कीं यजमान जमिनीवर मरून पडले आहेत. थोड्या वेळानें न्हाणीघरांत जावें तों तेथें मारेकरी उभा. आंधळ्यानें हें कांहींच पाहिलेलें नसतें, म्हणून तो परत येऊन पियानो वाजवीत राहतो.

हें सर्व आमच्या पुण्यांत घडतें. रस्ते ओळखीचे, रिक्षा ओळखीच्या. राघवन हे स्वतः येथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें शिकलेले. आणि ती संस्था १९६० सालीं जेथें उभी राहिली ती जागा म्हणजे प्रभात कंपनीचा जुना स्टुडिओ. वर्षानुवर्षें आम्ही त्या फाटकावरून कॉलेजला गेलों, पण आमच्या गांवांत एवढें भयंकर आणि एवढें गंमतीचें कांहीं घडूं शकेल असें कधीं वाटलें नव्हतें.

त्या दारावरच्या घंटेपाशीं आम्ही खुर्चींत सरळ होऊन बसलों. वीस-बावीस वर्षें आम्ही 'मॅक्बेथ' शिकवीत होतों. डंकनचा खून होतो आणि बाहेरच्या दारावर थाप पडते. त्या थापेनें अंगावर कांटा कां यावा याचा विचार डी क्विन्सीनें १८२३ सालीं एका लहानशा निबंधांत केला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं खुनाच्या क्षणीं माणसांचें नित्याचें जग थांबवून बाजूस ठेवलेलें असतें. थाप पडली कीं तें पुन्हां चालूं लागतें, आणि तें चालूं लागलें म्हणजे मगच तें थांबलें होतें हें आपल्याला उमगतें. हें आम्हीं दर वर्षीं फळ्यावर लिहून दिलें. मुलांनीं तें उतरून घेतलें. कांटा मात्र कोणाच्याहि अंगावर आला नाहीं, आमच्याहि नाहीं. त्या दुपारीं तो आला. आणि एक फरक आमच्या ध्यानांत आला, जो कोणत्याहि टीकाकाराच्या पुस्तकांत आमच्या वाचनांत नव्हता: शेक्सपिअर आपल्याला दाराच्या आंत, खुन्यांजवळ, उभें करतो, येथें आपण बाहेर, घंटा वाजविणाऱ्याच्या पाठीशीं उभे असतों. आंत काय आहे तें आपल्यालाहि ठाऊक नसतें.

मग जो प्रसंग येतो त्याचें वर्णन करण्याचा मोह आंवरत नाहीं. पत्नी तोंडानें पाहुण्याशीं गोड बोलते आहे आणि हातानें रक्त पुसते आहे. तिचा साथीदार खुणा करतो आहे. दोघें मिळून प्रेत उचलतात, एका मोठ्या बॅगेंत कोंबतात, सगळें आवाज न करतां. आणि या मूकनाट्याला पार्श्वसंगीत कोण देत आहे, तर जो सर्व पाहतो आहे तोच. त्याचीं बोटें चालूं आहेत, नजर शून्यांत आहे, कपाळावर घाम आहे. आमच्या मागच्या रांगेंतील कोणी तरुण खदखदून हंसला, आणि आम्हीहि हंसलों. भीति आणि हंसूं एकाच वेळीं गळ्याशीं येण्याचा अनुभव आम्हांस त्यापूर्वीं कधीं आला असेल तर आठवत नाहीं. रसांचा विरोध आणि अविरोध यांविषयीं साहित्यशास्त्रांत केवढा खल केलेला आहे! हास्य भयानकाच्या वैऱ्यांत मोडतें असें आम्हीं पाठ केलेलें. पण चित्रपटगृहांतील तीनशें माणसांनीं तें पाठ केलेलें नव्हतें.

हिचकॉकनें १९६२ सालीं त्रूफोशीं झालेल्या संभाषणांत धक्का आणि ताण यांतला भेद सांगितला होता. टेबलाखालीं बाँब आहे हें प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळीं त्याला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो; ठाऊक असेल तर तीच कंटाळवाणी बोलाचाली तो पंधरा मिनिटें जीव मुठींत धरून ऐकतो. हा भेद हिचकॉकनें फार सुबक रीतीनें सांगितला खरा, पण तो शूद्रकाला अवगत होता. 'मृच्छकटिकां'त शकार वसंतसेनेचा गळा दाबून तिला मेली समजून जातो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. नवव्या अंकांतील न्यायसभेंत चारुदत्त एकेक पुराव्यानें गुंतत जातो. वसंतसेना जिवंत आहे हें प्रेक्षकाला आठव्या अंकांतच कळलेलें असतें. म्हणूनच तो न्यायसभेचा अंक पाहवत नाहीं, आणि पाहिल्यावांचून राहवतहि नाहीं. 'अंधाधुन'मध्यें दोन्ही युक्त्या एकमेकींत गुंफल्या आहेत. पुढें दिवाळींत आम्हीं तो घरीं दुसऱ्यांदा पाहिला तेव्हां धक्के सारे गेले होते. ताण मात्र जशाचा तसा होता. वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला चाळीस वर्षांनीं मिळालें असें म्हणण्यास हरकत नाहीं, पण तें ऐकावयास ते राहिले नाहींत.

या कल्पनेचें मूळ बीज फ्रान्समधील आहे. ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या २०१० सालच्या एका लघुपटांत पियानो जुळविणारा एक कारागीर असेंच आंधळेपणाचें सोंग करतो. तो लघुपट पंधरा मिनिटांचाहि नाहीं. त्या चिमुकल्या बीजापासून राघवन व त्यांच्या सहकारी लेखकांनीं सव्वादोन तासांहून मोठा वृक्ष वाढविला, आणि आमच्या मतें त्याच्या कांहीं फांद्या छाटावयास हव्या होत्या. मध्यंतरानंतर माणसांच्या अवयवांचा चोरटा व्यापार करणारा डॉक्टर येतो, लॉटरीचीं तिकिटें विकणारी बाई येते, रिक्षावाला येतो. एकानें दुसऱ्याला फसवावें आणि तिसऱ्यानें दोघांना, असा गलबला होतो. पूर्वार्धांत एका बंद खोलींत जो जीव गुदमरत होता तो उघड्या रस्त्यावर आल्यामुळें थोडा सैल पडतो. तरी तब्बूचें काम शेवटपर्यंत पकड सोडीत नाहीं. ही स्त्री खून पचवितांना जितकी शांत दिसते तितकी कांहीं गृहिणी दूध उतूं गेल्यावरहि दिसत नाहींत. आणि जुन्या नटाच्या भूमिकेंत अनिल धवन आहेत, जे १९७० च्या 'चेतना'चे नायक. आपलींच जुनीं गाणीं पडद्यावर पाहत बसलेला तो गृहस्थ पाहून हंसावें कीं हळहळावें हें कळेना. पुढें २०१९ सालीं या चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आयुष्मान खुराना यांना अभिनयाचा. तें आधीं ठाऊक असतें तर आम्ही वही घेऊन गेलों असतों.

परंतु ज्या प्रसंगानें आम्हांस खरोखर गांठलें तो या दोन्ही गोष्टींच्या मध्यें आहे. आकाश धीर करून पोलीस-ठाण्यावर जातो. जें पाहिलें तें सांगून टाकावें असा त्याचा निश्चय आहे. तेथें मोठा अंमलदार म्हणून त्याच्यासमोर येतो तो न्हाणीघरांतला मारेकरीच. तक्रार तोंडांतच राहते. डोळे पुन्हां आंधळे होतात. सौभाग्यवतींनीं आमचा हात घट्ट धरला. शेजारच्या खुर्चींतून भाची "बापरे" म्हणाली. आम्ही मात्र त्या क्षणीं चित्रपटांत नव्हतों.

२०११ सालीं एका वार्षिक परीक्षेच्या वेळीं आम्ही परगांवच्या केंद्रावर पर्यवेक्षक होतों. मोठा हॉल, बाहेर चिंचेचें झाड, मार्च महिन्याचा उकाडा. चौथ्या रांगेंत एका वजनदार गृहस्थांचा मुलगा बसला होता. केंद्रावरचा एक कारकून पुरवण्या वाटीत आला आणि त्या मुलाच्या बांकावर पुरवणीच्या पोटांत एक लिहिलेला कागद ठेवून गेला. आम्हीं तें पाहिलें. आम्हीं पाहिलें हें कारकुनानें पाहिलें. मग आम्ही सावकाश वळलों आणि खिडकींतून चिंचेकडे पाहूं लागलों. बऱ्याच वेळ पाहत राहिलों. त्या वर्षीं आमच्या बढतीचे कागद वर गेले होते, आणि ते ज्यांच्या टेबलावर होते त्यांच्या घरीं त्या वजनदार गृहस्थांचें जाणें-येणें होतें. पुढें तपासणी-पथक आलें, बांकाखालीं कागद सांपडला, चौकशी झाली. मुलांना पाणी देत बांकाबांकांतून फिरणारा एक रोजंदारीवरचा शिपाई होता. कागद त्यानेंच पोंचविला असावा असें ठरलें. चौकशी करणाऱ्यांनीं आम्हांला विचारलें, "आपल्याला कांहीं दिसलं होतं का?" आम्ही म्हणालों, "नाहीं." शिपायाला दुसऱ्या दिवसापासून येऊं नको म्हणून सांगण्यांत आलें. आमची बढती त्या पावसाळ्यांत झाली.

पडद्यावरच्या मुलाला निदान जिवाची भीति होती. आम्हांला कसली होती? हा विचार मनांत आल्यावर उरलेला चित्रपट आम्हीं कमी आनंदानें पाहिला असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं, आणि हें सांगतांना थोडा संकोच होतो. उलट, डोळे अधिकच उघडे ठेवून पाहिला. त्या घरासमोरच्या वस्तींतलें एक वाह्यात पोर आहे. मोठ्या माणसांना जें समजत नाहीं तें तें हेरतें, कीं हा आंधळा आंधळा नाहीं. सगळें चित्रपटगृह त्या पोरावर चिडलें होतें. आम्ही सोडून.

चित्रपटाच्या शेवटीं एक रिकामा डबा आहे आणि एक काठी आहे. ज्यांनीं पाहिला आहे त्यांना एवढें पुरे. ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांचा आनंद आम्ही कां हिरावून घ्यावा? बाहेर येतांच वाद सुरूं झाला. भाचीचें म्हणणें, त्यानें सांगितलेली हकीकत खोटी आहे आणि तो प्रथमपासून सारें पाहत होता. सौभाग्यवतींचें म्हणणें, हकीकत खरी असली तर काय बिघडलें, माणसाला एखादें सुख मिळूं द्यावें. हा वाद रिक्षा मिळेपर्यंत चालला, रिक्षांत चालला, भाचीला तिच्या वसतिगृहापाशीं सोडतांना "मामा, तुमचं मत काय?" या प्रश्नावर येऊन थांबला. आम्ही म्हणालों, "उद्यां सांगतों." 

पुढच्या वळणावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मध्यंतरापासून तुम्ही एक अक्षर बोललां नाहींत. आवडला नाहीं का?"

"फार आवडला," आम्ही म्हणालों, आणि मग चिंचेच्या झाडाची हकीकत सांगितली. सात वर्षांत ती प्रथमच कोणापाशीं सांगितली. रिक्षावाला आरशांतून पाहत होता, त्याचीहि पर्वा वाटली नाहीं. सौभाग्यवतींनीं सगळें ऐकून घेतलें. बढतीच्या वेळीं त्यांनीं हौसेनें पेढे वांटले होते. तें त्यांना आठवलें असावें, पण त्या त्याविषयीं कांहीं बोलल्या नाहींत. घर आल्यावर, कुलूप काढतां काढतां त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या शिपायाचं नांव काय होतं?"

आम्हांला तें सांगतां आलें. पुरें नांव, आडनांवासकट.

शोधावयास फार दिवस लागले नाहींत. मार्गशीर्षांत पत्ता मिळाला. तो पुण्याच्याच एका उपनगरांत, एका इमारतीच्या फाटकावर रखवालदार होता. केंस पिकले होते. आम्हांस पाहतांच तो संवयीनें उठून उभा राहिला आणि आपली प्लास्टिकची खुर्ची पुढें सरकवली. आम्ही बसलों नाहीं. येतांना वाक्यें मनांत जुळवून आणलीं होतीं. पंचवीस वर्षें व्याख्यानें देणाऱ्याला तीं अवघड जाऊं नयेत. त्यांतलें पहिलें कसेंबसें उच्चारलें: "त्या दिवशीं हॉलमध्यें कागद कोणीं ठेवला तें मीं पाहिलं होतं."

"ठाऊक आहे सर," तो म्हणाला. "मी पाण्याची कळशी घेऊन दारांतच उभा होतों. तुम्हीं पाहिलंत, आणि मग खिडकीकडे वळलांत."

आम्हीं पुढचीं वाक्यें बोललों नाहीं. आपण लेखी जबानी देऊं, ती आजहि देतां येईल, असें कांहीं तरी तुटक सांगितलें. त्यानें मान हलविली. त्या हलविण्याचा अर्थ होय असा होता कीं आतां काय उपयोग असा, तें आम्हांस कळलें नाहीं. जबानी आम्हीं पुढच्या आठवड्यांत लिहून दिली. प्रकरण जुनें झालें असल्याचें एका ओळीचें उत्तर आलें, तें आम्हीं त्याला नेऊन दाखविलें. त्यानें तें दोनदां वाचलें, घडी घालून परत दिलें आणि विचारलें, "सर, चहा घेणार ना?"

या वेळीं आम्ही खुर्चींत बसलों.